दलदलीच्या रस्त्यावरच्या स्प्रिंगा

डिंफ्ना कीव्हनीनं मोटरसायकल घेतली आणि चौथ्या दिवशी ती गाडीसकट रस्त्याकडेच्या चरात पडली. तिला उचलायला आला तो नेमका तिचा दीर, फिंटन. दुसरं कुणीही आलं असतं तरी चाललं असतं.

फिंटनची स्वतःची बाराशे सीसीची गाडी होती आणि ती तो आठवड्यातून दोनदा धुवायचा. त्या रविवारी तो भावाकडे जेवायला येत होता. आधी त्याला चरातून वर आलेलं एक चाक दिसलं, मग लाल हेल्मेट, मग चिखलात बसलेली वहिनी.

"लागलं का कुठं?" त्यानं आधी तेच विचारलं, एवढं कबूल करायला हवं.

"नाही."

"मग आता बोलू का?"

"बोल. तू गप्प राहिलास तर तुलाच काहीतरी होईल."

"अगं, ही शिकाऊ पोरांची गाडी. नवं लायसन्स मिळालं की सहा महिने फिरवायची आणि विकून टाकायची. तुझ्या अंगाची बाई हिच्यावर बसली की हिचा मागचा भाग जमिनीला टेकतो, मी पाहिलंय. माझं ऐक, परत दे आणि जरा दांडगी गाडी घे."

"गाडीत काही खोट नाही," डिंफ्ना चिखल झटकत म्हणाली. "इंजिन गोड आहे, वजन हलकं आहे, माझी मला उभी करता येते. खोट आहे ती तिच्या पायांत."

"गाडीला पाय?"

"स्प्रिंगा रे. चल, धर ते हँडल. मटण थंड होतंय."

डेरीनॅकचा तो रस्ता ज्यांच्या अंगवळणी पडला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तो पक्क्या जमिनीवर बांधलेला नाही, नुसता दलदलीवर अंथरलेला आहे. खाली वीस-तीस फूट ओला काळा पीट, म्हणजे कुजलेल्या गवता-शेवाळाची जळाऊ माती. त्याच पिटाच्या विटा वाळवून इथल्या चार पिढ्यांनी चुली पेटवल्या. वरचं डांबर दर हिवाळ्यात कुठं फुगतं, कुठं बसतं. सरळ दिसणारा रस्ता चालवायला घेतला की लाटांसारखा खालीवर होतो. साधी चारचाकी ताशी चाळीसच्या वर गेली तर आतल्या माणसाचं डोकं छताला लागतं. डिंफ्नाचं घर या रस्त्यावर तीन किलोमीटर आत होतं. दूध आणायचं असो, प्रार्थनेसाठी चर्चला जायचं असो की कुणाच्या मयतीला, रस्ता हाच.

त्या वेळी ती अठ्ठावन्न वर्षांची होती. अठराव्या वर्षी पिटाच्या कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून लागली, तेव्हा सगळ्या वर्कशॉपात ती एकटी मुलगी. पहिल्या महिन्यात तिचे पाने रोज कुणीतरी लपवायचं. तिनं तक्रार केली नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं सगळ्यांचे पाने लपवले आणि आपण जेवायला बसली. त्यानंतर तो प्रकार बंद झाला. दलदलीवर तात्पुरते रूळ टाकून छोट्या आगगाड्या पीट वाहून आणायच्या. त्या गाड्यांची चाकं, ब्रेक, स्प्रिंगा हे तिचं काम. पस्तीस वर्षं तिनं ते केलं. मग पीट काढणंच थांबवायचं ठरलं, कारखाना बंद झाला आणि सामानाचा लिलाव झाला. ज्या लेथवर ती काम शिकली तो लेथही लिलावात आला. त्याच्यावर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही, कारण त्याचा गिअरचा दांडा मध्येच सटकायचा. कोणत्या बाजूनं गुडघा टेकवला की तो सटकत नाही हे जगात एकट्या डिंफ्नाला माहीत होतं. लेथ घरामागच्या शेडमध्ये आला.

पाच वर्षांनी तिनं ती अडीचशे सीसीची गाडी घेतली. "का?" असं नवऱ्यानं विचारलं नाही. कोलमन शाळेची बस चालवायचा, बोलायचा कमी. त्यानं फक्त शेडमधली सायकल सरकवून गाडीपुरती जागा केली.

त्या रविवारी फिंटन सफरचंदाचा केक खाऊन गेला तशी डिंफ्नानं टेप काढली.

"कोलमन, ये जरा. मी गाडीवर बसते, तू मोज."

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीला तिनं एक बारीक प्लास्टिकची पट्टी आवळली, म्हणजे नळी आत किती जाते ते पट्टीच सांगेल. मागं चाकाच्या आसापासून मडगार्डच्या स्क्रूपर्यंतचं अंतर आधी गाडी उचलून मोजलं. मग डिंफ्ना पूर्ण कपड्यांनिशी, हेल्मेट घालून, हातमोजे चढवून बसली.

"हातमोजेसुद्धा?" कोलमन म्हणाला.

"वजन माझ्या एकटीचं नाही, सगळ्यांचं मिळून असतं. सांग."

"बासष्ट मिलिमीटर खाली आलीस."

मागचं चाक एकूण एकशे तीस मिलिमीटर खालीवर होऊ शकत होतं. ती नुसती बसली की त्यातलं जवळजवळ निम्मं संपत होतं. खड्डा लागायच्या आधीच गाडी गुडघे मोडून बसलेली. पुढच्या उंचवट्याला उरलेलं निम्मं खर्च झालं की स्प्रिंग तळाला ठोकर खायची आणि जी उसळायची ती बाईला चरात टाकूनच थांबायची.

"माझं वजन चौऱ्याण्णव आहे," ती म्हणाली. "ही बनवणाऱ्यानं पासष्ट-सत्तरचा माणूस डोळ्यांपुढं धरला. त्याची चूक नाही, माझीही नाही. ओळखच झालेली नाही आमची."

तिनं हिशोब मांडला तो रद्दी पाकिटाच्या पाठीवर. पुढच्या फोर्कसाठी इंग्लंडातल्या एका स्प्रिंगवाल्याला पत्र टाकलं. ईमेल असताना पत्र का, तर आकृती हातानं काढायची होती. आणि तिथं तिच्याकडून एक चूक झाली. पाकिटावर जो आकडा आला होता त्यापेक्षा एक पायरी कडक स्प्रिंग तिनं मागवली. थोडं जास्त असलेलं बरं, असं वाटलं. तेलही जाड घातलं.

स्प्रिंगा आल्या, बसवल्या. डिंफ्ना गावातल्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आली आणि शेडच्या दारात गाडी लावून नुसती उभी राहिली.

"काय झालं?" कोलमननं विचारलं.

"माझे दात मोज. सगळे आहेत का बघ."

"आता मऊ नाही ना ती?"

"आता ती गाडीच नाही. लोखंडी घमेल्यात बसून उतारावरून सोडल्यासारखं वाटतं. बोटं बधिर झालीत." ती हातमोजे काढत म्हणाली. "पस्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, जमीन उड्या मारते तेव्हा चाकाला जमिनीबरोबर जाऊ द्या, फक्त माणसाला जाऊ देऊ नका. आणि स्वतःच्या गाडीला मी काय केलं? चाकच बांधून टाकलं."

या चुकीचं तिला चार दिवस वाईट वाटलं. पाचव्या दिवशी तिनं पाकिटावरचा पहिला आकडा लाल पेन्सिलीनं गोल केला आणि त्याच मापाच्या स्प्रिंगा मागवल्या. तेल पातळ केलं, आणि फोर्कमधली त्याची पातळी पट्टीनं मोजून ठरवली. वरच्या टोकाला आधार म्हणून नळाच्या पाइपाचे दोन तुकडे कापले, त्यांच्या कडा घासून आरशासारख्या केल्या. मागचा शॉकॲब्सॉर्बर मात्र सगळाच बदलायला हवा होता. कंपनीच्या त्या शॉकॲब्सॉर्बरला उसळी आवरण्याचा स्क्रूच नव्हता. गाडी एकदा वर आली की तिला धरून ठेवणारं कुणी नाही.

अथलोनच्या भंगारवाल्याकडं तिला एका मोठ्या, पुढून चेपलेल्या गाडीचा शॉकॲब्सॉर्बर मिळाला. मागून गाडी शाबूत होती. लांबी चार मिलिमीटर जास्त, ते चालण्यासारखं. पण खालचं भोक मोठं होतं आणि बोल्ट बारीक. डिंफ्नानं लेथ सुरू केला, योग्य बाजूनं गुडघा टेकवला आणि पोलादाचा एक बुश, म्हणजे बोल्टभोवतीची जाड कडी, कातून काढला. बुश भोकात बसला तेव्हा हातोडी लागली नाही. अंगठ्यानं दाबला, तेलाचा एक थेंब बाजूनं आला आणि बुश गेला. त्यावर स्प्रिंग तिच्या वजनाची.

मग जून महिनाभर गावानं तिला त्याच तीन किलोमीटरवर जाताना-येताना पाहिलं. एक फेरी, थांबायचं, स्क्रू दोन खाचा फिरवायचा, वहीत लिहायचं, परत फेरी. पोस्टमननं तिला एकदा थांबवून विचारलंसुद्धा, "काही हरवलंय का?"

"होय," ती म्हणाली. "तिसऱ्या उंचवट्यानंतरचा अर्धा सेकंद. तिथं गाडी अजून एकदा डुलते."

बेचाळिसाव्या फेरीला गाडी डुलली नाही. रस्ता तसाच लाटांचा, पण तो आता गाडीच्या खाली चालला होता. चाकं खाली जायची, वर यायची, आणि डिंफ्ना एका उंचीवरून जात राहायची, जशी एखादी बाई डोक्यावर घडा घेऊन चालते. घरासमोर न थांबता ती तशीच पुढं गेली, रस्ता जिथं बंद केला आहे तिथपर्यंत. हेल्मेटच्या आत ती मोठ्यानं हसत होती. हे तिनं फक्त कोलमनला सांगितलं.

रस्ता बंद होता तो घरापासून थोडं पुढं. दोन वर्षांपूर्वी तिथली रस्त्याखालची पाण्याची मोरी खचली. काउंटीच्या कचेरीनं काँक्रीटचे ठोकळे आडवे टाकले आणि विषय संपवला. ठोकळ्यांच्या मधून सायकल जाईल, मोटरसायकल जाईल, चारचाकी नाही. पलीकडं आठ किलोमीटरवर दलदलीच्या मधोमध कारखान्याची जुनी इंजिनशेड होती. तिथं आता कुणी जात नव्हतं.

ऑगस्टमध्ये मॅलकी टॅन्सीचा फोन आला. मॅलकी तिचा फोरमन होता, आता त्र्याऐंशीचा. हाताखालच्या सगळ्या वर्षांत त्यानं तिला "बरं झालंय" यापलीकडं शब्द दिला नव्हता, आणि तीही त्याला अजून मिस्टर टॅन्सीच म्हणायची.

"पोरी, तुझी ती गाडी म्हणे आता पाण्यावरून गेल्यासारखी जाते."

"कोण म्हणालं?"

"पोस्टमन. ऐक. पुढच्या महिन्यात ते शेडकडचे पंप बंद करणार आहेत. सगळी दलदल परत पाण्यानं भरू देणार, पक्ष्यांसाठी. भरू देत, माझं काही म्हणणं नाही. पण शेड जाणार पाण्याखाली. मला एकदा तिथं जायचंय."

"मिस्टर टॅन्सी, तुमच्या पाठीचं काय?"

"पाठ माझ्यासोबत येईल, तिला कुठं ठेवू?"

पाठीचं प्रकरण साधं नव्हतं. मागच्या वर्षी नुसतं बादली उचलताना त्याच्या मणक्याची दोन हाडं चिरली होती. डॉक्टरनं बजावलं होतं की एक जोराचा धक्का बसला तर म्हातारा परत उभा राहणार नाही. त्याची मुलगी कन्सेप्टा शाळेच्या ऑफिसात होती. तिच्या नजरेसमोर सहा फुटी पोरं खिशातले हात बाहेर काढायची. तिनं वडिलांना घराच्या पायऱ्यासुद्धा एकट्यानं उतरू द्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं.

डिंफ्नानं फोन ठेवला आणि लगेच हो म्हटलं नाही. आधी तिनं पशुखाद्याची पोती आणली, मॅलकीच्या वजनाची, अठ्ठावन्न किलोची. मागच्या सीटवर ती बांधून मोजणी पहिल्यापासून सुरू केली. दोघांच्या वजनाला मागची स्प्रिंग जास्त दाबून घ्यावी लागली, उसळीचा स्क्रू चार खाचा आवळावा लागला, पुढचा दिवाही खाली करावा लागला, कारण तो आता कावळ्यांच्या तोंडावर पडत होता. पोत्यांवर तिनं अंड्यांचा एक ट्रे ठेवला, दोरीनं सैलसा बांधला, आणि शेडपर्यंत जाऊन आली. तीस अंड्यांपैकी तीस परत आली. कोलमननं चार दिवस ऑम्लेट खाल्लं आणि काही विचारलं नाही.

मग ती कन्सेप्टाकडं गेली. मॅलकीला न सांगता, पुढच्या दारानं.

कन्सेप्टानं सगळं ऐकून घेतलं. "नाही," ती म्हणाली. "आणि तू हे विचारायला आलीस याचंच मला आश्चर्य वाटतं. तू तरी शहाणी आहेस असं मी धरून चालले होते."

"विचारायला नाही आले. तुला न्यायला आले."

"मला?"

"मागं बस. शेडपर्यंत जाऊ, परत येऊ. तुझी पाठ चांगली आहे ना? मग तुला जे जाणवेल ते तुला सांगता येईल. एकदा जरी बूड सीटवरून उचललं गेलं तर मी परत हा विषय काढणार नाही. मिस्टर टॅन्सींना मीच सांगेन की जमणार नाही."

"माझ्या अंगावर शाळेचा स्कर्ट आहे, डिंफ्ना."

"माझी वॉटरप्रूफ पँट आणलीय. तुला दोनदा गुंडाळता येईल."

कन्सेप्टा बसली. पहिले दोन किलोमीटर तिनं डिंफ्नाचं जाकीट इतकं घट्ट धरलं होतं की डिंफ्नाला श्वास घेता येईना. ठोकळ्यांच्या मधून गाडी गेली, पुढं तो वाईट रस्ता लागला, आणि हळूहळू पकड सैल झाली. कॅफ्रीच्या उंचवट्यावर, जिथं रस्ता पालथ्या पाटीसारखा फुगला आहे, डिंफ्नानं वेग कमी केला नाही. मुद्दामच. गाडी खाली गेली, वर आली आणि शांत झाली. मागून काही आवाज आला नाही. शेडशी पोचून गाडी वळवली तेव्हा कन्सेप्टा म्हणाली, "थांबू नको. चालव."

घरी उतरल्यावर तिनं हेल्मेट काढलं, केस सारखे केले.

"माझ्या मोटारीपेक्षा बरी आहे," ती म्हणाली. चेहरा शाळेतलाच. मग थोड्या वेळानं, "गुरुवारी मला सुट्टी आहे. ठोकळ्यांपर्यंत मी त्यांना मोटारीनं आणते, उशी लावून. आणि मी तिथंच थांबेन. तासाभरात परत."

"दीड तास."

"सव्वा," कन्सेप्टा म्हणाली.

गुरुवारी सकाळी वारा पडला होता. मॅलकीनं चांगला कोट घातला होता, टाय लावला होता आणि वर फिंटनचं जास्तीचं हेल्मेट. ते फिंटननं स्वतः आणून दिलं होतं. गाडीभोवती दोन चकरा मारून, वाकून मागची स्प्रिंग बघून, "बुश कुणी केला?" एवढंच त्यानं विचारलं होतं. मॅलकीला गाडीवर बसवायला दोघींना पाच मिनिटं लागली. बसल्यावर त्यानं डिंफ्नाच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"पोरी, या वाटेवरची वाईट जागा कुठली?"

"कॅफ्रीचा उंचवटा. तुम्हाला माहीतच आहे."

"मला? तिथं मी सात वेळा घसरलेलं इंजिन परत रुळावर चढवलंय. चल."

ती ताशी पस्तीसनं गेली. हळू गेलं की बरं असं लोकांना वाटतं, पण फार हळू गेलं की दर लाट वेगळी लागते. पस्तीसला स्प्रिंगा आपल्या लयीत चालतात, हे तिच्या वहीत होतं. दोन्ही बाजूंना काळी सपाट दलदल, मध्येच कापूसगवताचे पांढरे झुबके, लांबवर बर्चची रोपटी. कॅफ्रीचा उंचवटा आला तेव्हा तिला खांद्यावरचा हात जाणवला, तो घट्ट झाला नाही. उंचवटा मागं पडला आणि कानाजवळ मॅलकी म्हणाला, "हां." फक्त तेवढंच. डिंफ्नाला ते पुरलं.

शेडचं छप्पर अर्धं गेलं होतं. आत इंजिनं नव्हती, पण त्यांच्या तेलाचा वास अजून होता. मॅलकी काठीवर रेलून इंजिन उभं राहायच्या प्रत्येक खाचेसमोर थांबला आणि त्या त्या इंजिनाचा नंबर म्हणाला. चार नंबरच्या खाचेसमोर तो काही म्हणालाच नाही. तिथं एक उलटी पेटी होती, तिच्यावर डिंफ्नानं त्याला बसवलं आणि थर्मासमधला चहा ओतला.

"चार नंबर," तो शेवटी म्हणाला. "दर महिन्याला उतरायचं रुळावरून. सगळ्यांनी कडक स्प्रिंगा घालून पाहिल्या. मीही."

"हो."

"तू मऊ घातल्यास. वर उसळी धरायला ते तेलाचे डबे बसवलेस. बावीस वर्षांची होतीस. मी तुला म्हटलं होतं, वाट लागली तर पगारातून कापेन."

"म्हटलं होतंत."

"त्यानंतर ते एकदाही उतरलं नाही. अकरा वर्षं. मग डब्लिनहून तो साहेब आला, आठवतो? चष्मेवाला. त्यानं विचारलं, हे कुणी केलं. बाकीच्या सगळ्या कारखान्यांत तसंच करायचं होतं त्यांना." मॅलकी कपाकडे बघत बोलत होता. "मी म्हटलं, मी केलं."

डिंफ्नानं थर्मासचं बूच लावलं.

"तू तिथंच होतीस. दाराशी. तू ऐकलंस की नाही हे मला कधी कळलं नाही."

"ऐकलं," ती म्हणाली. "नंतर त्यांचं पत्रही आलं होतं. तुम्ही ते ऑफिसच्या भिंतीवर लावलंत. मी रोज हजेरी लावायला यायची तेव्हा वाचायची."

"आणि बोलली नाहीस."

"कुणाला सांगणार होते? तुम्हीच फोरमन." ती उठली, छपरातून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहिलं. "लोक म्हणतात ना, काम चांगलं झालं हेच पुरे. मला नाही पुरलं, मिस्टर टॅन्सी. मी कितीदा तरी घरी जाऊन त्या पत्राच्या नावानं बटाटे सोललेत. तुम्ही वाईट माणूस नव्हता, म्हणून तर जास्त लागलं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. बचाव केला नाही. हे त्याचं तिला नंतरही बरं वाटलं.

"त्या वेळी वाटलं, पोरगी म्हटलं तर तो हसेल आणि बदलच होणार नाही," तो म्हणाला. "असं मी स्वतःला सांगितलं. पण ते खोटं होतं. मला ते पत्र हवं होतं."

बाहेर पंपांचा आवाज एकसारखा चालू होता. डिंफ्नानं त्याच्या हातातला कप घेतला आणि झटकून थर्मासवर बसवला.

"आज बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "आता चला. सव्वा तास झाला तर कन्सेप्टा चालत येईल इथपर्यंत."

परतीच्या वाटेवर डिंफ्ना स्वतःशी एक गोष्ट ताडून बघत होती. मागं बसलेल्या माणसाचं वजन तेच, स्प्रिंगा त्याच, रस्ता तोच; आणि तरी गाडी जाताना होती त्याहून हलकी लागत होती. फिटर असल्यामुळं तिला या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नव्हता. ठोकळ्यांशी कन्सेप्टा मोटारीला टेकून घड्याळ बघत उभी होती. वडिलांना उतरवून घेतल्यावर तिनं त्यांच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"दुखतंय?"

"बूड दुखतंय, पेटीवर बसून," मॅलकी म्हणाला. "गाडीवर काही नाही."

सप्टेंबरात पंप थांबले. हेरॉन पक्षी आठवड्याभरात शेडच्या छपरावर येऊन बसायला लागले.

ऑक्टोबरात गावातल्या जुन्या शाळेत कारखान्याच्या आठवणींचं प्रदर्शन भरलं. कुणी फावडी आणली, कुणी आगगाडीच्या डब्यांच्या पाट्या, कुणी फोटो. निम्मं गाव आलं होतं, सँडविच आणि फळांचा ब्रेड यांच्या ताटाभोवती गर्दी होती. फोटोंच्या भिंतीवर चार नंबरचं इंजिन होतं. खाली टंकलेली चिठ्ठी: दलदलीच्या रुळांसाठी या इंजिनाची नवी स्प्रिंगव्यवस्था फोरमन एम. टॅन्सी यांनी तयार केली.

मॅलकी कन्सेप्टाच्या हाताला धरून आला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं नाही, सरळ त्या भिंतीशी गेला. प्रदर्शन मांडणारी इमेल्डा नावाची बाई तिथंच उभी होती.

"पेन आहे का?"

तिनं दिलं. त्यानं चिठ्ठीतल्या स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता सरळ रेघ मारणं हे त्याचं सगळ्या वर्कशॉपात प्रसिद्ध होतं. मग तो वळला. गर्दीत जुने कामगार होते, फिंटन होता, पोस्टमन होता. कोलमन दाराशी उभा होता, हातात दोघांचे कोट.

"हे माझं काम नव्हतं," मॅलकी म्हणाला. आवाज वर्कशॉपातला, यंत्रांच्या वरून ऐकू जाणारा. "डिंफ्नाचं होतं. डब्लिनला मी खोटं सांगितलं आणि पंचवीस वर्षं तसंच ठेवलं. ज्यांना ज्यांना मी ते पत्र दाखवलं असेल त्यांनी आता हे लक्षात ठेवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं गाव नाही ते. एका म्हाताऱ्या वेल्डरनं फक्त म्हटलं, "आम्हाला वाटलंच होतं. मॅलकीनं कधी मऊ काही केलंय का?" आणि हशा पिकला. मॅलकीही हसला. मग एकेक जण डिंफ्नाजवळून जाताना तिच्या दंडाला हात लावून गेला. तिचे पाने लपवणाऱ्यांपैकी दोघं होते त्यांत.

डिंफ्नाचे कान लाल झाले होते. तिनं हातातला चहा खाली ठेवला. आपल्याला आनंद झालाय हे लपवायचा तिनं प्रयत्न करून पाहिला, मग सोडून दिला.

इमेल्डा नवी चिठ्ठी घेऊन आली. "नाव मी आत्ताच लिहिते. डिंफ्ना कीव्हनी. स्पेलिंग ठीक आहे ना?"

"थांब," डिंफ्ना म्हणाली. तिनं दाराकडं, कोलमनकडं पाहिलं. तो काय ते समजला आणि त्यानं मान डोलावली. "तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. फिनेरन लिही. डिंफ्ना फिनेरन, फिटर, वय बावीस. काम त्या पोरीनं केलंय."

इमेल्डानं तसं लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि चिठ्ठी फोटोखाली लावली. डिंफ्ना जवळ जाऊन ती वाचत उभी राहिली. मागं लोकांची रांग लागली होती, पण कुणी तिला बाजूला हो म्हटलं नाही.